अर्धी कॅप्सूल

सासू सकाळी बाजारात गेली की गोजराबाई मांडीवरचे सूप रिकामे करायची. तंबाखू फडक्यावर काढायची, सूप पुसायची आणि कनवटीची कॅप्सूल बाहेर काढायची. दोन्ही टोकांना धरून हलकेच फिरवली की टोपण सुटे आणि विटकरी लाल भुकटी सुपात पडे. विडीचे पान ज्याच्या मापाने कापतात त्या पत्र्याच्या तुकड्याने ती भुकटीचे दोन ढीग करायची. लहानपणापासून विड्या वळून तिच्या बोटांना चिमटीचा अंदाज पक्का बसला होता, त्यामुळे ढीग सारखेच पडत. एक तिचा, एक धाकट्या जावेचा, चांगुणाचा. बाकीच्या गोळ्या ती पानाच्या कात्रीने अर्ध्या करी.

हे १९८६ साली सिन्नरला चालले होते. गोजराबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी खोकून खोकून गेला, तेव्हा त्या खोकल्याला घरात कुणी नाव दिले नव्हते. मग तिला खोकल्यातून रक्त पडले. नाशिकच्या क्षयरोग केंद्रात तिची थुंकी तपासली, औषध सुरू झाले. घरात तिचे ताट वेगळे झाले, अंथरूण पडवीत आले. पण तिला टाकायला नवराच उरला नव्हता. चांगुणाला नवरा होता, मल्हारी. तिच्या चुलत जावेला याच दुखण्यात माहेरी पोचवले होते आणि पुन्हा कुणी आणायला गेले नव्हते. म्हणून खोकला सुरू झाला तरी चांगुणा केंद्रात यायला तयार नव्हती.

"आक्का, तुमच्या वाटचं मी खाते. तुमचं कसं व्हायचं?"

"माझं काय व्हायचंय? म्हैस झालीये माझी. लुगडं पुरंना." गोजराबाईने तिच्या तळहातावर भुकटी ओतली. "गुडघ्याला गुडघा लावून विड्या वळल्या, माझ्याचपासून लागलंय तुला. खा गप. अन् तोंड वाकडं करू नको, मल्हारीला वाटंल दिवस गेले."

चांगुणा हसली. हसण्याचा खोकला झाला आणि दोघी दाराकडे बघत बसल्या.

औषधाने लघवी लाल होते, म्हणजे ते अंगात गेले, असे केंद्रात सांगितले होते. दोघींची लाल व्हायची. चांगुणाचा संध्याकाळचा ताप उतरला, भाकरी गोड लागू लागली. दोघींना आणखी पुरावा नको होता.

उन्हाळ्यात दोघींचाही ताप परत आला.

गोजराबाई नाशिकला द्वारका चौकात एस.टी.तून उतरली आणि सावली धरत केंद्रात पोचली. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला वर एक काळे वर्तुळ दिसत होते. जंतू बसतात तिथे शरीर त्यांच्याभोवती भिंत बांधते. आतला भाग नासलेल्या दुधासारखा होतो, भिंत फुटली की तो खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि मागे पोकळी राहते. मागच्या फोटोत ही पोकळी आक्रसत आली होती. आता ती पहिल्यापेक्षा मोठी होती.

प्रयोगशाळेत पगारे नावाचा तरुण होता, नुकताच बी.एस्सी. झालेला. त्याने तिची थुंकी दोनदा तपासली आणि तिला आत बोलावले.

"ताई, लघवी लाल आहे. म्हणजे औषध घेताय. पण थुंकीत जंतू परत आलेत. असं कसं?"

तिच्या नखांत लाल कण अडकले होते. त्याने ते पाहिले.

"कॅप्सूल फोडता का?"

"गिळवत नाय."

"बरं. पण भुकटी सगळी खाता ना?"

"थोडी सांडती."

"रोज सांडते? विड्या वळणाऱ्या बाईच्या हातून?"

पगारेने स्टूल सरकवले आणि तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावले. निळ्या पटावर बारीक लाल काड्या होत्या. काही वाकड्या, काही एकीला एक चिकटलेल्या.

"हे मेलेले हायेत का जिते?"

"एवढ्यावरून नाही कळत. वाढवून बघावे लागतात."

"अर्ध्या औषधानं अर्धे तरी मरत असतील की."

"सुरुवातीला पुष्कळ मरतात, म्हणून तर ताप जातो," तो म्हणाला. "पण लाखोंत एखाद्याला हे औषध सोसतं. सगळ्या गोळ्या पुऱ्या घेतल्या तर तोही मरतो. अर्ध्यात तो जगतो. मग त्याची पोरं, नातवंडं, सगळी त्याच्यासारखीच. त्यांना पुरं औषध दिलं तरी काही होत नाही."

तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अन् दुसरीच्या अंगात बी तसंच?"

"दुसरी कोण?"

"जाऊ माझी. चांगुणा."

पगारेने हातातली काच खाली ठेवली. "तिला आणा. उद्याच. घरात सांगावं लागेल."

तिने घरात सांगितले. मल्हारी भिंतीला टेकून नुसता ऐकत राहिला. सासू यशोदाबाई म्हणाली, "माझा ल्योक खाल्लास, तेवढ्यानं भागलं नाय का तुझं?" चांगुणाने गोजराबाईकडे पाहिलेच नाही.

चांगुणाच्या थुंकीतही त्याच काड्या निघाल्या. दोघींचे जंतू वाढवायला बाहेरगावी पाठवले. त्याचा निकाल यायच्या आतच माहेराहून, सायखेड्याहून, चांगुणाचा भाऊ तिला न्यायला आला.

"बरी झाली की आणतो," मल्हारी त्याला म्हणाला. यशोदाबाईने चांगुणाचे ताट आणि तांब्या फडक्यात बांधून तिच्या हातात दिले.

"आक्का, सांगायला नको होतं तुम्ही," दारात चांगुणा म्हणाली.

"नसतं सांगितलं तर मेली असतीस."

"अन् आता?"



पावसाळा अर्धा सरल्यावर निकाल आला. ती लाल कॅप्सूल दोघींपैकी कुणाच्याच जंतूंना मारत नव्हती. दुसरे औषध मुंबईहून मागवले होते, ते येईपर्यंत आहे ते चालू ठेवायला सांगितले. सायखेड्याला चांगुणा आता अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्या भावाचा थोरला मुलगा खोकू लागला होता.

त्या सकाळी यशोदाबाई बाजारात गेली. गोजराबाईने कॅप्सूल काढली. बोटांनी आपणहून तिची दोन्ही टोके धरली होती. तिने बोटे सोडवली, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर अख्खी गिळली. थोड्या वेळाने परसात जाऊन तिने पाहिले. लघवी लाल झाली होती.