साठीची चक्की

जपानी गणनेत शोवा पन्नास, म्हणजे १९७५ साल. त्या शरद ऋतूत आम्ही बाबांना इस्पितळातून घरी आणलं. निघण्याआधी डॉक्टरांनी आईला बाहेरच्या बाकावर बसवून खरं काय ते सांगितलं. आईला, बाबांना नाही. तेव्हा तशीच रीत होती. असला आजार ज्याला झाला त्याला सांगायचा नाही, घरच्यांनी पोटात ठेवायचा. बाबांना अल्सर म्हणून सांगितलं आणि कॉफी बंद केली. बाकावर मात्र डॉक्टर म्हणाले, "आता मागतील ते देत जा."

बाबा कोबेत मोतोमाचीला कोट शिवायचे. टाका एकसारखा पडला नाही तर उसवून पुन्हा घालणारा माणूस. कॉफीचंही तसंच. घरातली लाकडी पेटीची चक्की खिळखिळी झाली होती, आतले दाते झिजले होते. बाबा दळलेली कॉफी बेतायच्या पांढऱ्या कागदावर पसरून मला दाखवायचे.

"बघ कुनिको, निम्मं पीठ, निम्मी वाळू. पिठातून कडू उतरतं, वाळूतून आंबट पाणी. एका कपात दोन वाईट कॉफ्या."

मग ते चहाच्या गाळणीने पीठ चाळून टाकून द्यायचे. आई म्हणायची, "कापड असं टाकता का कधी? गिऱ्हाइकं पळून गेली असती."

आमच्या घराकडच्या चढावर होरिबेंचं कॉफीच्या बियांचं दुकान होतं. त्यांच्या काचेच्या खिडकीत लोखंडी चक्की होती, बाजूला मोठं चाक असलेली. बाबा दर वेळी तिच्यासमोर थांबायचे. "साठीला घेईन," म्हणायचे. "साठीला घालतात ती लाल बंडी तुम्ही द्यालच. ही मात्र मी मला देणार."

साठीला अजून दोन वर्षं होती.

बाबांना घरी आणल्यावर थोड्याच दिवसांनी आई गाठोड्यात बांधून ती चक्की घेऊन आली. मी स्वयंपाकघरात तिला अडवलं.

"आई, साठीची वस्तू आत्ता दिलीस तर त्यांना काय वाटेल?"

"मग कधी देऊ?" आई म्हणाली. मी बाजूला झाले.

बाबांनी गाठ सोडली. चाक एकदा फिरवून पाहिलं.

"ही साठीची होती ना गं?"

"कारखान्याने बनवणं बंद केलंय. होरिबेंकडे शेवटचीच होती."

"आणि पथ्य?"

"एकसारखी दळलेली चालते. ते पीठ पोटाला लागतं. डॉक्टरच म्हणाले."

"हुशार डॉक्टर आहे," बाबा म्हणाले. "कॉफीतलं कळतं त्याला."

जुनी चक्की खडखडायची, मध्येच अडायची. ही कुरकुर करत एका सुरात फिरत राहिली. कागदावर पसरलं तर कण एका मापाचे. बाबांनी वरून पाणी सोडलं. जुन्या कॉफीवर पाणी डबक्यासारखं साचायचं. ही मधून हळूहळू फुगत वर आली. घरभर वास सुटला. मी घोट घेतला तर कडूपणाच्या मागून गोड चव आली.

"बिया बदलल्या का?"

"बिया त्याच. इतकी वर्षं त्याच पीत होतो आपण."

बाबांनी दोन घोट घेतले. तिसरा घेववला नाही, म्हणून कप नुसता नाकाखाली धरून बसले. मग तो आईपुढे सरकवला. आईला चहाशिवाय काही आवडत नसे. तिने तोंड वाकडं करून सगळा संपवला.

बिया संपल्या तेव्हा बाबा हट्टाने स्वतः आणायला गेले. मी पावाच्या दुकानातलं काम आटोपून त्याच चढावरून येत होते. होरिबेंच्या खिडकीसमोर बाबा पाठीमागे हात बांधून उभे होते. खिडकीत, त्याच जागी, तशीच नवी चक्की होती. होरिबेंना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली दुसरी मागवून ठेवली होती. मला पुढे जाववेना. मागे वळून मी दुसऱ्या रस्त्याने घरी आले.

बाबा माझ्यानंतर पोचले.

"इतका वेळ?" आईने विचारलं.

"चढ आहे." त्यांनी पुडी खाली ठेवली. "बरं झालं वेळेत आणलीस. खिडकीत आता चक्की नाही, नुसते कप मांडलेत."

"म्हटलं नव्हतं मी? शेवटची होती."

"हो. शेवटचीच होती."

मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. खाली मान घालून घालतच राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आईला चक्कीजवळ बसवलं. "हे मळसूत्र बघ, याने दळण जाड-बारीक होतं. पावसाळी दिवसांत एक खाच मोकळी करायची, थंडीत पुन्हा आवळायची."

"मी कशाला? तुम्ही आहात ना."

"हात भरून येतो माझा, म्हणून सांगतोय. कर बघू."

आईने करून दाखवलं. चुकलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं.

फेब्रुवारीत बाबा गेले. लाल बंडी आईने शिवून तयार ठेवली होती; ती त्यांच्याबरोबर दिली. होरिबेंचं दुकान १९९५ च्या भूकंपात पडलं. ते लेकीकडे ओकायामाला गेले, तिथेच वारले. मी लग्न होऊन ओसाकाला आले.

आई त्याच घरात खूप वर्षं जगली. रोज सकाळी दळून कॉफी करायची, देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे कप ठेवायची आणि निवल्यावर तोंड वाकडं करून स्वतः प्यायची. मी एकदा विचारलं, "आई, बाबांना कळलं होतं का?"

"तू विचारलंस का त्यांना कधी?"

"नाही."

"मग मला का विचारतेस?"

आई एका जूनमध्ये गेली, पाऊस लागलेला असताना. चक्की आता माझ्याकडे आहे. मनगट दुखतं, म्हणून दोन्ही हातांनी चाक फिरवते. तिने पावसाळ्यासाठी मोकळी केलेली खाच मी आवळलेली नाही. थंडीत कॉफी पाणचट होते. तशीच पिते.