उंचावरून ओतलेलं पाणी

रेणुकादास सरांनी घड्या घातलेले चार कागद बाकावर टाकले आणि उद्धवनं हात लांब करून नेमका गुलाबी रेघांचा कागद उचलला. पंचशीलानं तो लगेच ओळखला. तसल्या रेघांचा कागद वर्गात फक्त तिच्याकडे होता, वसतिगृहाच्या जुन्या रजिस्टरातून फाडलेला.

"आपलाच कागद आला असेल तर बदलून घ्या," सर म्हणाले. "आणि आपला कागद वाचला जात असताना लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. नुसतं ऐकायचं."

ही पद्धत सर सुट्टीत कुठल्याशा शिबिरात शिकून आले होते. चौघांचा गट. एकाचं लिखाण दुसऱ्यानं वाचायचं, प्रत्येकानं काय आवडलं आणि काय कमी पडलं ते सांगायचं, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचं. चारांतलं एक मोठ्या कागदावर उतरवून ग्रंथालयाबाहेरच्या भिंतीवर लावायचं. खाली नाव कुणाचंच नाही, फक्त गटाचा नंबर. पोरं याला चौकडी म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

कालपर्यंत पंचशीलाची चौकडी वेगळी होती. पण पाऊस नव्हता. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, नव्या पाट्या आल्या. नळाला पाणी मात्र चार दिवसांनी एकदा. वसतिगृहातली निम्मी पोरं गावी निघून गेली तेव्हा सरांनी उरलेल्यांचे नवे गट पाडले. सकाळी यादी लागली आणि तिच्या नावाखाली उद्धवचं नाव आलं. उद्धव तिच्याच गावचा, जळकोटकडचा. आणि तिनं ज्या विहिरीबद्दल लिहिलं होतं, ती त्याच्या घरची होती.

तिनं गावाचं नाव घातलं नव्हतं, माणसाचंही नाही. पण विहीर ओळखायला नाव कशाला हवं? गावातल्या बाकीच्या सगळ्या आटल्या होत्या. बौद्धवाड्यातल्या बायका हंडे घेऊन जात आणि विहिरीपासून लांब उभ्या राहत. उद्धवच्या आईला सवड झाली की ती पोहरा ओढी आणि चौथऱ्यावरून, हंड्याला हात लागणार नाही अशा बेतानं, पाणी ओती. पंचशीलाची आई सरजाबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून संध्याकाळी तिथं उभी राही. दोन हंडे मिळत. त्या दोन हंड्यांवर घर चालत होतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथं तर पाणीच माशाच्या मालकीचं होतं.

उद्धव वाचू लागला. पहिल्या ओळी सरळ गेल्या. पाचव्या ओळीला तो अडखळला, घसा खाकरला आणि मग खालच्या आवाजात वाचत राहिला. पंचशीला बाकाची कड नखानं कोरत बसली. तिला भीती एकाच गोष्टीची होती. उद्या संध्याकाळी आई हंडे घेऊन उभी राहील, अंधार पडेल, आणि घरातून कुणी बाहेरच येणार नाही.

वाचन संपलं.

"झ्याक हाय," निलंग्याकडचा रेवणप्पा म्हणाला. "पर लई लहान हाय. अजून पायजे हुतं."

लतानं कागद पुढं ओढला. तिचे वडील नव्या कलेक्टर कचेरीत बदलून आले होते, आणि तिचं मराठी इतकं शुद्ध होतं की रेवणप्पा तिच्यासमोर जपून बोले. "सगळं आवडलं. फक्त शेवटचं वाक्य. 'त्या माउलीचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.' हे खोटं वाटतं. कुणी दटावून लिहून घेतल्यासारखं."

ते वाक्य पंचशीलानं सकाळी यादी बघितल्यावर, जिन्यात उभं राहून जोडलं होतं. सगळं बदलायला वेळ नव्हता. निदान एवढं तरी कवच असावं. आता तेही गेलं.

"उद्धव, तुला काय कमी वाटलं?" लतानं विचारलं.

उद्धव कागदाकडेच बघत होता.

"उपकाराचं खोडा," तो म्हणाला. "आन् हंडा भरतो असं लिव्हलंय. त्यो भरत न्हाई. इतक्या वरतून वतल्यावर अर्धं पानी पायावर सांडतं."

"तुला रं काय ठावं?" रेवणप्पा हसला.

"आमच्याच घरची हीर हाय ती."

रेवणप्पाचं हसू जागच्या जागी विरलं. लतानं एकदा पंचशीलाकडे पाहिलं आणि घाईनं नजर कागदावर नेली. उद्धवनं पेन्सिलनं शेवटचं वाक्य खोडलं आणि वरच्या ओळीत सांडणारं पाणी लिहिलं. फिरत फिरत सर आले, उभ्यानं वाचलं, आणि म्हणाले, "हेच लावा. उद्या सकाळपर्यंत भिंतीवर पाहिजे."

लता आणि रेवणप्पा मोठा कागद आणि डिंक आणायला ऑफिसात गेले. वर्गात दोघंच उरले.

"नका लावू," पंचशीला म्हणाली. "उद्या बुधवार हाय. तुमचा दादा डबा घिऊन येतो. तिथंच भिंतीपाशी उभा ऱ्हातो."

"म्हाईत हाय."

"त्यो वाचील."

"वाचील."

"माझी माय रोज तिथं जाती. तुमाला कळतंय का मी काय म्हनते?"

उद्धवनं कागद तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "नगं असंल तर फाडून टाक. सरांना सांगतो, माझ्या हातनं शाई सांडली."

तिनं कागद हातात घेतला. फाडायला घडीवर बोटंही धरली. आणि तिची नजर पेन्सिलनं लिहिलेल्या ओळीवर गेली. आई घरी येई तेव्हा तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं असे, हे तिनं सुट्टीत गावी गेल्यावर रोज पाहिलं होतं. तरी हंडा भरला असंच तिनं लिहिलं होतं.

"हे मला बी दिसत हुतं," ती म्हणाली. "लिव्हायचं भ्या वाटलं."

"मला वरतून दिसतं. सुट्टीत गावी गेलो की चौथऱ्यावर बसून अभ्यास करतो मी." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "कंदी बोललो न्हाई."

लता आणि रेवणप्पा कागदाची गुंडाळी घेऊन आले. लतानं कागद बाकावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली, आणि पेनाचं टोपण काढलं. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर होतं. भिंतीवरचं लिहायचं काम नेहमी तिचंच.

"आज मी लिव्हतो," उद्धव म्हणाला.

"तुझं अक्षर?" लता म्हणाली. "मुंगीच्या पायाला शाई लावून सोडल्यासारखं?"

"दादा वळखतो ते. घरची सगळी पत्रं मीच लिव्हतो." त्यानं पेन तिच्या हातातून घेतलं. "इचारायचं आसंल तर मला इचारील."

हे किती खरं ठरेल, त्याची त्यालाही खात्री नव्हती; पेन त्यानं कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. आपल्याइतकाच हाही भ्यालाय, हे पंचशीलानं पहिल्यांदा पाहिलं. त्यामुळे तिची भीती कमी झाली नाही. पण तिनं गुलाबी रेघांची घडी उलगडली, उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि वाचू लागली. स्वतःचं लिहिलेलं, स्वतःच्या तोंडानं.

"माझी आई," ती म्हणाली.

उद्धवनं लिहिलं, माझी आई.

"विहिरीपासून दहा पावलं लांब उभी राहते."

पेन 'माझी आई'पाशीच थांबलं. त्याच्या अक्षरात ती त्याचीच आई वाटत होती, आणि त्याची आई तर वर, चौथऱ्यावर उभी असे. रेवणप्पा काही बोलणार होता. लतानं त्याचा हात दाबला.

"दहा पावलं," पंचशीला पुन्हा म्हणाली. "लिही, उद्धव."