बाटलेली पिल्लं

दिवाकररावांच्या वाडीत त्या दिवशीची सकाळ नेहमीसारखीच उजाडली. त्यांची बायको मथुराबाई केळीच्या पानांच्या जुड्या बांधत होत्या आणि दिवाकरराव ओटीवरून आपल्या मित्राशी, जयवंताशी, फोनवर बोलत होते.

"जुली माजावर आलीय. तुझा शेरा तयार ठेव. खानदान बघूनच लावायची, काय?"

जुली ही त्यांची जर्मन शेफर्ड कुत्री. तिला मागच्या पडवीत कोंडलं होतं. पण माजावर आलेलं जनावर कडीला थोडंच जुमानतं? धडका देऊन तिने दार उघडलं. कुंपणापाशी तांबडा गावठी कुत्रा होताच. दिवाकरराव धावत पोचले, तोवर दोघं पाठीला पाठ लावून अडकली होती.

"मारू नका हो! आपोआप सुटतील. आत्ता ओढलंत तर तिला इजा होईल," मथुराबाई ओरडल्या.

ऐकतो कोण? बांबूचे फटके बसत राहिले. तांबडा जिवाच्या आकांताने पळू बघत होता आणि त्याच्यामागे जुली फरपटत होती. सुटली तेव्हा ती रक्ताळली होती.

"बाटली!" दिवाकरराव थुंकले.

हा शब्द मथुराबाईंनी या घरात पूर्वीही ऐकला होता. त्यांच्या लेकीने, अक्षयाने, पाचूबंदरच्या ख्रिस्ती डेरिकशी लग्न केलं त्या दिवशी. तेव्हापासून तिचं नाव घरात निघत नसे. तिला मुलगी झाल्याचं मथुराबाईंना मासळीवालीकडून कळलं होतं. नातीचं तोंड त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

दोनच दिवसांनी, तशा दुखऱ्या अंगाने, जुलीला शेराकडे नेलं गेलं.

पावणेदोन-दोन महिने उलटले आणि जुली व्याली. दोन पिल्लं शेरासारखी काळी, चार तांबडी. दिवाकरराव चक्रावले. जयवंताने समजावलं, "अरे, कुत्रीला एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात." जुलीला त्याचं काय? ती सहाही पिल्लांना सारखीच चाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिचं विव्हळणं ऐकून मथुराबाई पडवीत आल्या. कुशीत फक्त दोन काळी पिल्लं होती.

"बाकीची कुठं?"

"बावखलात," दिवाकरराव पंच्याला हात पुसत म्हणाले. "गावठी रक्त आपल्या दारात वाढायला नको."

बागायत शिंपायच्या त्या तळ्याकडे मथुराबाई अनवाणी धावल्या. काठाजवळच्या शेवाळात गोणपाट अर्धवट बुडालं होतं. कमरेएवढ्या पाण्यात शिरून त्यांनी ते ओढून काढलं. तिघं गार पडली होती. चौथ्याला त्यांनी पदराने खसाखसा चोळलं, पालथं धरलं. त्याच्या नाकातून पाणी आलं, मग एक बारीकशी कुंई.

त्याला पदरात गुंडाळून त्या घरी परतल्या, त्यांनी जुलीला साखळी लावली आणि दोन्ही काळी पिल्लं टोपलीत घातली.

"कुठं निघालीस?"

"अक्षयाकडं."

"त्या दारात पाय ठेवलास तर इथं परत यायचं नाही!"

"लेक जिवंत असताना तिच्या नावानं आंघोळ केलीत," मथुराबाई टोपली उचलत म्हणाल्या. "आता माझ्या नावानं करा."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या नवऱ्याला पहिल्यांदाच उलट बोलल्या होत्या. जुलीची साखळी धरून त्या वाडीच्या फाटकातून बाहेर पडल्या.

पाचूबंदरला दार अक्षयानेच उघडलं. मागे तिची सासू थेरेसा छोटीला कडेवर घेऊन उभी होती. मथुराबाईंनी घडलेलं सगळं दारातच सांगितलं.

"आत या ना, विहीनबाई. कुत्रीला पानी देते," थेरेसा म्हणाली.

अक्षया मात्र जागची हलली नाही.

"आई, माझं बाळंतपण अडलं होतं. मी निरोपावर निरोप धाडले. आज कुत्रीसाठी घर सोडलंस. माझ्यासाठी का नाही गं सोडलंस?"

मथुराबाई पायरीवर बसल्या.

"भ्याले," त्या म्हणाल्या. "घराला भ्याले, माणसांना भ्याले. माझं चुकलं. तू आत घे, नको घेऊस, पण रक्त बघून माणसं निवडायची त्या घराची रीत मी आता पाळणार नाही."

अक्षयाने खाली वाकून आईच्या ओल्या पदरातलं पिल्लू उचललं आणि जुलीच्या आचळाला लावलं.