अयोध्याबाईचं पेव

"उतर खाली!" लेव्ही वसुलीला आलेला गिरदावर सिद्धेश्वरवर खेकसला.

अयोध्याबाईच्या अंगणातलं ज्वारीचं पेव नुकतंच उघडलं होतं. तोंडावरचा दगड सरकवला तशी कुबट वाफ अंगावर आली. दोन वरसं बंद होतं ते. सरकारची सक्तीची धान्य-लेव्ही बाईनं कधीच घातली होती. ही ज्वारी तिनं पोटाला चिमटा घेऊन लेकासाठी जमिनीत पुरली होती. सिद्धेश्वर हैद्राबादेत बी.एस्सी. झालेला. तिथंच एम.एस्सी.ला घ्यायला तयार होते. फीसाठी वजिफ्याची, शिष्यवृत्तीची अर्जी केली, ती निजाम सरकारच्या कुठल्या कपाटात कुजली कोण जाणे. आता ही ज्वारी हद्दीपल्याड बार्शीच्या बाजारात गेली, तरच पोराचं पुढचं शिक्षण. पण हद्दीपल्याड धान्य न्यायला बंदी, अन् नेमकी कुणीतरी चहाडी केली.

"सरकार, पेवाला वारं खाऊ द्या," बाई हात जोडून म्हणाली. "आत इखारी हवा हाय. मानूस मरतंय."

"दिवस मावळेपर्यंत बसू काय इथं? माल पळवायला? उतर बे!"

बाईनं कंदील दोराला बांधून आत सोडला. निम्म्यातच विझला.

"वात बारीक केलीस, रांडे!" गिरदावर शिपायाकडं वळला. "गफार, ढकल त्याला."

गफार तेरखेड्याचा. जागचा हलला नाही. "हुजूर, माझा चुलता असाच पेवात गुदमरून मेला. मला मारा. म्या कुनाला ढकलनार न्हाय."

आम्ही शेजारी कुंपणाला उभे. खरं सांगतो, एकाचंही तोंड उघडलं नाही. भ्यालो होतो सगळे.

गिरदावर चिडून स्वतःच तोंडाशी वाकला. वाकला अन् तसाच डुलला. गफारनं कॉलर धरली म्हणून वाचला. उठला तेव्हा तोंड पांढरंफटक.

"सकाळी माणसं आणतो. दाणा हलला तर घर जाळीन!" म्हणत घोड्यावर बसला अन् गफारला घेऊन गेला.

म्हणजे ज्वारी आजच वर काढायची अन् रातोरात हद्द ओलांडायची. दुपार कलली तसा बाईनं पुन्हा कंदील सोडला. ज्योत मिणमिणली, बारीक झाली, पण विझली नाही. अजून चार तास तरी थांबायला हवं होतं. बाईनं कमरेला दोर बांधला.

"आई, तू नगं. म्या उतरतो. मला कळतं त्या हवेतलं."

"कळतं म्हनूनच वर ऱ्हा. हैद्राबादला मला कोन घेनार हाय? तुला घेत्यात."

अन् ती उतरली. सिद्धेश्वर एकटाच दोर धरून उभा. तेव्हा कुठं आम्हाला लाज वाटली; त्याच्यामागं आम्ही दोर धरला. दुसऱ्या दोरानं भरलं टोपलं वर आलं. दुसरं आलं. दर टोपल्याला तो वाकून हाक मारायचा, खालून हुंकार यायचा.

एकदा हुंकार आला नाही. कमरेचा दोर ढिला पडला.

"आई! अगं आई!" सिद्धेश्वरचा आवाज फाटला.

खालून खोकल्याची उबळ आली, मग घोगरा आवाज.

"वरडू नगं मुडद्या! टोपलं वढ!"