दुसरा आवाज

मी एक डीव्हीडी बोलतेय. कुठल्याही यंत्राला आता माझ्यातलं काही वाचता येत नाही, म्हणून तोंडीच सांगते.

एका व्हिडिओ एडिटरनं मला आपल्या बायकोसाठी बनवलं. लेक चार महिन्यांची असताना आजारपणात बायकोची दृष्टी गेली होती. लेकीचं रांगणं, पहिलं पाऊल, तिनं काही म्हणता काही पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं ते सगळं माझ्यावर उतरवलं आणि दोन आवाज भरले. पहिल्यात नुसतं संगीत. दुसऱ्यात तो स्वतः.

"ऐक हं, ठमाबाई उठल्या. पिवळा फ्रॉक, एक मोजा गायब. निघाली, निघाली... बसली धपकन! रडत नाहीये गं, हसतेय."

रिमोटचं एक बटण दाबलं की हा दुसरा आवाज लागे. ते बटण तिच्या बोटांना पाठ होतं. नवरा गेल्यावर ती रोज दुपारी मला लावून बसायची.

एक दिवस प्लेअरच बंद पडला. लेक ठमी तेव्हा परगावी नोकरीला होती. ती मला न्यायला आली.

"हिची फाइल करते आई, फोनवरच ऐक."

"बाबा नीट येतील ना त्यात?"

"येतील गं, जसेच्या तसे."

घरी जाऊन तिनं मला लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग फोनवर चालेल अशी फाइल करायला पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड, म्हणजे हुकूम, लिहिली. कमांड बिचारी सांगितल्या कामाची. दोन्ही आवाज घे असं कुणी सांगितलं नव्हतं, तिनं पहिलाच उचलला. ठमीची ऑफिसची मीटिंग चालू होती. तिनं आवाज बंद ठेवूनच चित्र तपासलं, "झकास" म्हणाली आणि लॅपटॉपवर उतरवलेलं सगळं पुसून टाकलं.

मला तिनं कबुतरं हुसकायला बाल्कनीत दोरीनं टांगलं. रजा मिळेपर्यंत दोन महिने गेले. ऊन माझ्या पोटात शिरलं, आत लिहिलेलं सगळं विरून गेलं.

आईपुढे फोन ठेवला तेव्हा संगीत सुरू झालं. आई मान तिरकी करून ऐकत राहिली.

"हे संपलं की बोलतील ना?"

ठमीनं फाइल पुढे-मागे करून पाहिली, दुसरा आवाज त्यात नव्हताच. दुसऱ्या दिवशी आपल्या घरी परत येऊन तिनं मला दोरीतून सोडवलं, पुसलं, तीन दुकानं पालथी घातली. सगळ्यांनी हात टेकले. मग तिनं फोन केला.

"आई, माझ्या हातून पुसलं गेलं गं."

आई म्हणाली, "पुसण्याआधी मला एकदा ऐकवायचंस तरी."

पुढच्या रजेत ठमी आईजवळ बसली, चित्र पाहून स्वतःच सांगू लागली. आईनं तिचा हात धरला. "राहू दे बाळा. शब्द सगळे पाठ आहेत मला. आवाज पाठ होत नाही."

ठमी अजूनही दर रविवारी मला ड्राइव्हमध्ये घालते. मी जीव खाऊन फिरते. काही निघत नाही. तिला कुणीतरी सांगा, पोरी, आता पुरे.