मिनिटाला शंभर ठोके

मित्रांनो, मी एक जुने रॉक गाणे आहे. दोन गिटार, एक ड्रम आणि चार मिनिटे दहा सेकंद, एवढाच माझा पसारा. माझ्या गायकाची ताई पत्र्याची झाकणे कापणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तिच्यासाठीच त्याने मला रचले. माझी पहिली दोन कडवी कष्टकऱ्यांच्या हातांना सलाम करतात. तिसरे मात्र विचारते, 'मान खाली घालून झिजलात, एकदा तरी नाही म्हणालात का?'

ताई ऐकून हसली. "मोठा शहाणा! मी हो म्हणत राहिले, म्हणून तू घरी बसून गिटार शिकलास."

गायकाचे तोंड एवढेसे झाले. तरी तीच माझी कॅसेट कारखान्यात घेऊन गेली. "माझ्या भावाचं गाणं आहे, लावा की!"

माझा ठेका तिथल्या कामगार बायकांच्या हातापायांत बसला. पहिल्या ठोक्याला पत्रा सरकवायचा, दुसऱ्याला हात काढायचा, तिसऱ्याला पेडल दाबून यंत्राचे पाते खाली आणायचे, चौथ्याला झाकण उचलायचे. मला केवढा अभिमान वाटे!

मुकादमाच्या हे लक्षात आले. त्याने तिसरे कडवे कापले आणि टेपचा वेग वाढवला. शंभराचे एकशे बारा झाले, मग एकशे पंचवीस. माझा आवाज चिरका झाला.

"गाणं पळतंय का गं?" शेजारणीने विचारले.

"गाणं कशाला पळेल? आपणच म्हाताऱ्या झालो," ताई म्हणाली.

मला ओरडावेसे वाटे, 'ताई, मीच पळते आहे!' पण गाण्याला लिहिल्यापलीकडे एक शब्दही बोलता येत नाही.

एका दुपारी तिचा दुसरा ठोका हुकला. हात आत असतानाच पाय पेडलवर पडला. दोन बोटे गेली. बायका धावल्या. टेप मुकादमाच्या कुलूपबंद खोलीत होता. मी हातांना सलाम करत राहिले, पार शेवटच्या ओळीपर्यंत.

तिच्या भावाने मला पुन्हा कधी गायले नाही. मी मात्र अजून कुठे कुठे वाजते. मित्रांनो, कष्टाचे कौतुक करणारे गाणे कानावर आले, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढे पाहा, ते बंद करायचे बटण कोणाच्या हाताशी आहे? राबणाऱ्याच्या हाताशी नसेल, तर आधी ते तिथे आणून द्या. मला स्वतःहून थांबता येत नाही.