आठ चौरस मीटर

सरांनी जमिनीतली खुंटी उपटून हातात धरली आणि गृहपाठ विसरलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः टेप लावून ती घराच्या मागच्या भिंतीपासून बरोबर सहा मीटरवर ठोकली होती. सकाळी उठून बघतात तर चारवर! तिची जोडीदारीणही चारवर. दोघींमधलं अंतर बाराचं सोळा झालेलं, आणि सुतळी छान ताणून बांधलेली.

"कुत्र्यानं काही सुतळी बांधली नसणार," ते मोठ्यानं म्हणाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली.

पस्तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, तेव्हा सरांच्या बायकोनं गॅलरीतल्या तेलाच्या डब्यांत टोमॅटो पिकवले होते. सर निवृत्त झाले, हे लहानसं घर घेतलं, मागे मोकळी जमीन मिळाली. पहिल्याच दिवशी सरांनी शब्द दिला होता, "तुला बाग करून देतो. होईल तेवढी मोठी." दुकानात जाळी नेमकी चोवीस मीटर शिल्लक होती. एका बाजूला भिंत, तीन बाजूंना जाळी. आयुष्यभर जांभया देणाऱ्या वर्गाला शिकवलेलं गणित आपल्याच दारात येऊन उभं राहिलं म्हटल्यावर सर जे खूश झाले, विचारू नका.

"अगं, खुंट्या तू हलवल्यास?"

"हो." ती पदराला हात पुसत बाहेर आली. "सहा मीटर आत शिरून तण कोण काढणार? चार पुरे."

"अगं, पण क्षेत्रफळ! बस इथे." सरांनी पायरीवर कागद पसरला. "भिंतीपासून बागेची रुंदी क्ष धर. दोन बाजूंना दोन क्ष जाळी गेली. लांबीला उरली चोवीस वजा दोन क्ष. गुणाकार कर, डेरिव्हेटिव्ह काढ, म्हणजे वाढीचा दर, तो शून्य धर. क्ष बरोबर सहा! बारा सक बहात्तर. आणि तुझे? सोळा चोक चौसष्ट. आठ चौरस मीटर फुकट घालवलेस!"

"जाऊ देत."

"जाऊ देत काय? जन्मभर डब्यात झाडं लावलीस आणि आता जमीन आहे तर—"

"चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

सरही काही कमी हट्टी नव्हते. खुंटी आणि टेप घेऊन ते पुन्हा निघाले. चार मीटर झाले. पुढचं पाऊल टाकायला गेले आणि पाय आपसूक थांबला. इथून जमीन एकदम उतरत होती. काल ते झुडूप धरून, तिरके तिरके उतरले होते. महिन्यापूर्वी मात्र झुडूप धरायचं सुचलं नव्हतं. तेव्हा पाय घसरून ते आडवे झाले होते, आणि उठता येईना म्हणून बराच वेळ आकाश बघत पडले होते. कुणाला बोलले नाहीत. गुपचूप घरात जाऊन चिखलाचा पायजमा स्वतः धुऊन वाळत घातला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्यांनी मागे वळून पाहिलं. खिडकीत ती उभी होती. चहाकडे तिचं लक्ष नव्हतं, ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

सर मुकाट्यानं परत आले. खुंटी तिच्या जागी चारवर ठोकली, पायरीवर बसले आणि कागदावर गणिताखाली लिहिलं : अट – क्ष चारपेक्षा जास्त नको. मग आपलं आपल्यालाच हसू आलं. 'शून्य सापडलं की नाचू नका, आधी टोकं तपासा!' असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा. आणि स्वतः? चारच्या आत डेरिव्हेटिव्ह शून्य होतच नव्हतं. क्षेत्रफळ नुसतं वाढत जात होतं, थेट टोकापर्यंत. जास्तीत जास्त चारवरच होतं.

तिनं कप पुढे केला.

"तुझं उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "मला अट माहीत नव्हती."

"माहीत नव्हती कशी? लपवून ठेवली होतीत." ती शेजारी टेकली. "तो पायजमा मी पुन्हा धुतला. अर्धा साबण त्यातच होता."

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, चौसष्टपुढे बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, दहापैकी दहा.

"आठ चौरस मीटर गेले गं तुझे. वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. टोमॅटोच्या दोन रांगा गेल्या." तिनं बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. "पण टोमॅटो काय, बाजारात मिळतात."